रात्रीत मासे नाहीसे होणारी टाकी: एक प्रकरण अभ्यास

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, चार फुटी, साधारण 300 लिटरची. तळाला प्रवाळाची बारीक वाळू, वर लाइव्ह रॉकचे, म्हणजे आतल्या जिवंत जिवांसकट आणलेल्या समुद्री दगडांचे, दोन ढीग आणि त्यांच्यामध्ये एक अरुंद खिंड. खाली सम्प (पाणी गाळणारी जोडटाकी), सम्पमध्ये प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र). टाकी लावून दीड वर्षाहून जास्त काळ झालेला. मालक माझा जुना मित्र. पाण्याच्या नोंदी न चुकता वहीत लिहिणारा. वहीतले आकडे असे: तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) 1.025, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएमच्या आसपास. पाण्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

तरीही मासे कमी होत होते. आधी फायरफिश गेला. मग हिरव्या क्रोमिसच्या थव्यातून एकेक कमी होऊ लागला. त्यानंतर वाळूवर बसणारा छोटा गोबी. रात्री दिवे मालवताना मासा ठणठणीत, सकाळी त्याचा मागमूस नाही. कलेवर नाही, काटा नाही, पंखाचा तुकडासुद्धा नाही. त्यातच टर्बो गोगलगायींचे रिकामे शंख वाळूवर दिसू लागले आणि क्लीनर श्रिम्पच्या जोडीतला एक गेला.

मित्राचा धीर सुटला. "उद्या सगळे दगड बाहेर काढतो आणि टाकी रिकामी करतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "काढ, पण नेमकं काय शोधतोयस ते आधी ठरू दे." जुनी टाकी उपसणं ही साधी गोष्ट नसते. वाळूत साचलेला गाळ एकदम पाण्यात मिसळतो, प्रवाळांना धक्का बसतो, उरलेले मासे घाबरून खाणं सोडतात. एवढं करूनही शिकारी दगडाच्या आत असेल तर दगडासोबत तोही परत टाकीत येतो.

आधी साधी कारणं

मासा दिसत नाही म्हणजे कुणीतरी खाल्ला, असं लगेच धरून चालू नये. फायरफिश उडी मारण्यासाठी प्रसिद्ध आहे. घाबरला की तो सरळ वर झेपावतो आणि झाकणाच्या बोटभर फटीतूनही बाहेर पडतो. त्यामुळे टाकीच्या मागची जमीन, ओव्हरफ्लोची पेटी, सम्पमधली गाळणीची पिशवी हे सगळं पाहून झालं. वर जाळी घट्ट होती. काही सापडलं नाही.

दुसरं, कलेवर न सापडणं हा शिकाऱ्याचा पुरावा नव्हे. मुरलेल्या टाकीत सफाई करणारे पुष्कळ असतात: नासारियस गोगलगायी, हर्मिट क्रॅब, ब्रिसल वर्म. दोन इंचांचा मेलेला मासा ते एका रात्रीत संपवतात. एखादा मासा आजाराने मेला असता तरी सकाळी चित्र हेच दिसलं असतं. पण इथे गेलेल्या एकाही माशाला डाग, धाप, खाणं सोडणं असं काही झालं नव्हतं. वहीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि या प्रकरणात ती वही फार उपयोगी पडली.

मी त्याला एकच काम सांगितलं: कोण गेलं आणि कोण राहिलं, आणि त्यातला प्रत्येक जण रात्री कुठे झोपायचा, ते लिही. ही यादी झाली तेव्हा प्रकरण अर्धं सुटलं होतं. फायरफिशचं बीळ डाव्या ढिगाच्या पायथ्याशी. क्रोमिस दिवसभर वर पोहतात, पण रात्री दगडांच्या फटींत शिरतात, आणि त्यांच्या आवडत्या फटी खिंडीकडच्या बाजूला होत्या. गोबी खिंडीच्या तोंडाशी वाळूवरच पडून राहायचा. क्लीनर श्रिम्पचा अड्डाही तिथेच. याउलट क्लाउनफिशची जोडी उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात झोपायची, दोघंही धडधाकट. कोले टँग पूर्वी डाव्या ढिगात झोपायचा, हल्ली त्याने उजवा ढीग धरला होता, आणि त्याच्या शेपटीच्या पंखाला कडेने सरळ कापल्यासारखा एक तुकडा नव्हता.

पाणी किंवा आजार असा पत्ता पाहून मारत नाही. टाकीच्या एका ठरावीक जागी काहीतरी बसलेलं होतं, आणि ते रात्रीच हालचाल करत होतं.

आवाजाने केलेली दिशाभूल

टाकीतून रात्री टक्, टक् असा आवाज यायचा. काचेवर कुणी नख मारावं तसा. ज्याला-त्याला विचारलं तो एकच नाव घ्यायचा: मँटिस श्रिम्प. संशय बिनबुडाचा नव्हता. हा प्राणी लाइव्ह रॉकमधून लपून येतो, बिळात राहतो, आणि त्याच्यातले ठोसे मारणारे प्रकार गोगलगायी-खेकड्यांची कवचं फोडून खातात. मोर मँटिसच्या ठोशाचा वेग सेकंदाला 14 ते 23 मीटर असल्याचं 2004 साली 'नेचर'मध्ये छापून आलं. त्या वेगामुळे पाण्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि ते मिटताना कवचाला दुसरा तडाखा बसतो.

पण टकटक करणारा दुसराही एक प्राणी आहे, पिस्टल श्रिम्प. तो एक मोठी नांगी झटक्यात मिटतो आणि पाण्याची बारीक धार सोडतो. हा आवाज नांगी आपटल्याचा नसून मागे तयार झालेला बुडबुडा मिटल्याचा असतो, हे 2000 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून दाखवण्यात आलं. दोघांचे आवाज कानाने वेगळे ओळखता येतात असं सांगणारे भेटतात. मी तरी त्या भरवशावर दगड फोडणार नाही.

मग वाळूवरचे शंख गोळा करून नीट पाहिले. एकही फुटलेला नव्हता. तोंडाची कड शाबूत, कुठे टवका नाही, भोक नाही. हातोडा मारणाऱ्या मँटिसने खाल्लेल्या गोगलगायीचा शंख असा राहत नाही. त्याचे तुकडे होतात किंवा भगदाड पडतं. खेकडा खातो तेव्हाही बहुधा कड कुरतडलेली दिसते. अखंड रिकाम्या शंखावरून खाणारा कोण ते कळत नाही, पण ठोसे मारणारा मँटिस त्यातून सुटला. भाल्याने टोचणारे मँटिसही असतात, पण ते बहुतेक वाळूत किंवा चिखलात बीळ करून राहतात आणि इथल्या वाळूत तसं बीळ कुठेच नव्हतं.

आवाजाचा धनी पुढे एका रात्री दिसलाच. उजव्या ढिगाखाली, म्हणजे जिथे काहीही नाहीसं होत नव्हतं त्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा पिस्टल श्रिम्प बिळातली वाळू बाहेर ढकलत बसला होता. त्याला तसंच राहू दिलं.

दरम्यान बाटलीचा सापळाही लावून झाला. प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवायचं, आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा, खिंडीत आडवं ठेवायचं. दोन हर्मिट क्रॅब आणि एक केसाळ, काळ्या टोकांच्या नांग्यांचा खेकडा सापडला. असे खेकडे मोठे झाले की उपद्रव करतात, म्हणून त्याला सम्पमध्ये हलवलं. मित्राला वाटलं प्रकरण मिटलं. पण पुढच्याच आठवड्यात आणखी एक क्रोमिस गेला.

नोरीचा तुकडा

छडा लागला तो मांसाच्या आमिषाने नव्हे, शेवाळाने. टँगसाठी चिमट्यात नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ पापुद्रा, लावलेली असायची. एका सकाळी तिचा एक मोठा तुकडा खिंडीतल्या दगडाच्या भोकात अडकलेला दिसला: अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि आत गेलेला भाग घडी पडून ओढल्यासारखा. प्रवाहाने वाहून गेलेला तुकडा दगडावर चिकटतो, भोकात शिरत नाही. त्या भोकाच्या तोंडाशी जवळून पाहिलं तर वाळूचे कण आणि एक लहान रिकामा शंख बुळबुळीत, पारदर्शक चिकट पदार्थाने एकमेकांना जोडलेले होते. बाजूच्या झोआंथिडच्या (प्रवाळांचे फुलांसारखे दिसणारे नातलग) वसाहतीत भोकाकडच्या कडेचे पॉलिप, म्हणजे त्यातले एकेक जीव, बुंध्यापासून कापलेले; त्यापलीकडचे मस्त उमललेले.

त्या रात्री लाल दिवा घेऊन बसलो. टाकीतल्या बऱ्याच अपृष्ठवंशी प्राण्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे पांढऱ्या टॉर्चने जे दिसत नाही ते लाल दिव्यात दिसतं. मुख्य दिवे जाऊन तासभर झाल्यावर प्लॅस्टिकच्या लांब काडीला नोरी बांधून भोकापासून वीतभर अंतरावर धरली. बराच वेळ काही नाही. मग भोकाच्या तोंडाशी पाच बारीक मिशा आल्या, चाचपत, एकेक करून. मागोमाग डोकं, मग अंगाचा करंगळीएवढा जाड, वळ्यावळ्यांचा भाग. त्याने नोरी पकडली आणि काडीसकट ओढली. हाताला हिसका चांगलाच जाणवला. खोलीत कुणाचं पाऊल वाजलं तसा तो क्षणात आत. पापणी लवायच्या आत भोक रिकामं.

तो युनिसिड गटातला वलयी कृमी होता. 'बॉबिट वर्म' म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरतात तो युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस याच कुटुंबातला; तो 3 मीटरपर्यंत वाढू शकतो. आपल्या टाकीतला नेमका कोणत्या जातीचा, हे डोळ्यांनी पाहून ठरवण्याचा आग्रह मी धरला नाही आणि धरूही नये. युनिसिडमध्ये पुष्कळ जाती आहेत, त्यातल्या अनेक लहान राहतात आणि शेवाळ, कुजकं, पडलेलं-झडलेलं खाऊन गुजराण करतात. धोका असतो तो मोठ्या वाढलेल्याचा. त्याचा जबडा एरवी घशात मिटलेला असतो, भक्ष्य आलं की तो उलटून बाहेर येतो आणि कात्रीसारखा मिटतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. टाकीत किडा दिसला की लोक चिमटा घेऊन धावतात आणि बिचारे ब्रिसल वर्म मारून टाकतात. ब्रिसल वर्म गुलाबी-करडा असतो, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके असतात आणि डोक्यावर लांब मिशा उठून दिसत नाहीत. तो सफाई कामगार आहे. त्याचे केस बोटात घुसले तर आग होते, म्हणून हात लावू नये, एवढंच. युनिसिडच्या डोक्यावर पाच ठळक मिशा असतात आणि गडद तपकिरी अंगावर पांढऱ्या प्रकाशात जांभळी-हिरवी झाक चमकते. एकदा दोन्ही पाहिले की घोटाळा होत नाही.

शिकारी एकाच जागी दबा धरतो आणि मासे त्या जागेला ओळखू लागतात, हे समुद्रातही पाहिलं गेलं आहे. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत बॉबिटने शिकार केली की काही मासे त्याच्या बिळावर गोळा होतात आणि तोंडाने पाण्याच्या धारा मारून त्याला आत जायला भाग पाडतात. 2016 साली याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. टँगने डावा ढीग सोडला होता, तो उगीच नव्हे.

बाहेर काढणं

शेजारून दोन उपाय सुचवले गेले होते आणि दोन्ही मी अडवले.

पहिला, दगड उकळायचा. हे कुणीही, कधीही करू नये. झोआंथिड आणि त्याची भावंडं असलेल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. असा दगड उकळला, भाजला किंवा गरम पाण्याने घासला तर विष वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं, आणि घरातली माणसं दवाखान्यात पोचतात. असे प्रसंग जगभर घडलेले आहेत. किडा मारायच्या नादात घरच्यांचा जीव धोक्यात घालण्यात काय अर्थ आहे? अशा दगडाला साधा हात लावतानाही हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच, हाताला जखम असेल तर कामच दुसऱ्याला द्यावं.

दुसरा, टाकीत जंताचं औषध टाकायचं. त्याने उपयोगी कृमीही मरतात, आणि मोठा किडा दगडाच्या पोटात मेला तर तिथेच कुजून अमोनिया वाढवतो.

दगड काढला तो भरदिवसा, किडा आत आखडून बसलेला असताना. त्याआधी बऱ्याच रात्री तो याच एका भोकातून येतो याची खात्री करून घेतली होती, आणि दगड शेजारच्या दगडाला कुठे चिकटलेला नाही हेही पाहिलं होतं. शरीर दोन दगडांत पसरलेलं असतं तर एक उचलताना त्याचे दोन तुकडे झाले असते. डोक्याकडचा भाग जगला तर शेपटीकडची बाजू पुन्हा वाढवतो, म्हणजे कष्ट वाया. दगड पाण्यातच एका पसरट ट्रेवर सरकवला आणि ट्रेसकट वर उचलला. वाटेत किडा निसटला तर ट्रेमध्येच पडावा म्हणून.

बाजूला टाकीच्याच पाण्याने भरलेला टब होता. त्यात दगड जाळीवर, तळापासून जरा उंच ठेवला. मग साधा, बिनसाखरेचा, बिनमिठाचा पिण्याचा सोडा (सोडा वॉटर) बारीक नळी लावलेल्या सिरिंजने भोकात थोडा थोडा सोडला. सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडने बिळातलं पाणी आम्लधर्मी आणि गुदमरवणारं होतं आणि आतल्याला बाहेर यावंच लागतं. हेच मुख्य टाकीत करता येतं असं सांगतात, पण आजूबाजूच्या जिवांना विनाकारण त्रास होतो. दगड सुटा निघत असेल तर टबच बरा.

डोकं समोरून नाही, दगडाच्या मागच्या, आम्हाला ठाऊक नसलेल्या एका चिरेतून बाहेर आलं. मित्राने लगेच चिमटा उचलला. "ओढू नकोस," मी म्हटलं, "येऊ दे त्याला." प्रत्येक वळ्याला दोन्ही बाजूंनी केसाळ पाय असतात आणि ते दगडाच्या आत रुतवून तो असा घट्ट बसतो की ओढल्यावर तुटतो, पण सुटत नाही. सोड्याची आणखी एक पिचकारी, मग थांबणं. हातभर अंग बाहेर आलं, मग आणखी, मग एकदम सैल पडून उरलेला सगळा टबात घसरला. ताणलेल्या अवस्थेत दोन फुटांहून थोडा जास्त. शेपटी निमुळती, अखंड, तुटल्याची खूण नाही. खिडकीच्या उजेडात त्याच्या पाठीवर तेलाच्या तवंगासारखे रंग सरकत होते. इतके दिवस ज्याच्यावर राग धरला होता त्याच्याकडे मित्र बराच वेळ बघत राहिला.

त्यानंतर

दगड लगेच परत ठेवला नाही. एकाला दुसरा सोबती असू शकतो. दगड वेगळ्या टबात, हीटर आणि पंप लावून, रोज रात्री नोरीसह ठेवला. मुख्य टाकीतही खिंडीत आणि दोन्ही ढिगांपाशी नोरी लावून लाल दिव्याने तपासणी चालू ठेवली. दगड हलवल्यामुळे गाळ उठला होता, म्हणून पाण्याचा पाचवा हिस्सा बदलला, पाण्यातली घाण शोषणारा कार्बन लावला आणि अमोनियाची तपासणी रोज केली. तो शून्यावरच राहिला. नवीन मासा मात्र महिनाभर तरी आणायचा नाही, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

किड्याने मासा ओढताना आम्ही कुणीच पाहिलं नाही, हे नमूद करायला हवं. त्याने नोरी आणि कोळंबीचा तुकडा पळवलेला पाहिला, कापलेले पॉलिप पाहिले, आणि तो गेल्यावर माशांचं नाहीसं होणं पूर्ण थांबलं. टँग काही आठवड्यांनी डाव्या ढिगात परतला. मला एवढा पुरावा पुरेसा वाटतो.

तो आला कुठून, याचं उत्तर सोपं आहे. टाकी लावताना आणलेल्या लाइव्ह रॉकमधून, तेव्हा दोऱ्याएवढा असताना. टाकीत त्याला खाणारं कुणी नाही, वाया गेलेलं अन्न भरपूर, आणि दिवसभर लपायला दगड. तो निवांत वाढत गेला. मोठमोठ्या मत्स्यालयांतही असं घडतं: इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात 2009 साली प्रवाळ आणि मासे जखमी होत होते, आणि अखेर देखावा उपसल्यावर जवळपास चार फूट लांबीचा किडा सापडला.

काहीजण यावर सरसकट कोरडा, निर्जीव दगड वापरा असं सांगतात. त्यात शिकारी येत नाही हे खरं, पण त्याच्यासोबत येणारे शेकडो उपयोगी जीवही येत नाहीत आणि टाकी मुरायला वेळ लागतो. मी अजूनही लाइव्ह रॉकच्या बाजूने आहे, फक्त तो काही आठवडे वेगळा ठेवून रात्री पाहिलेला असावा.

किड्याला मारलं नाही. मित्राचा आधी विरोध होता. पण मासे खिंडीत आणून ठेवणारे आपणच. दबा धरणं हा त्याचा जगण्याचा मार्ग आहे. आता तो वाळू भरलेल्या एका लहान टाकीत पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात राहतो, नोरी आणि कोळंबी खातो. मुख्य टाकीत नंतर एक वॉचमन गोबी आला आणि त्याने पिस्टल श्रिम्पच्या बिळात बस्तान बसवलं. निसर्गातही या दोघांची अशी जोडी असते. टकटक अजून चालू आहे. मागच्या महिन्यात आणलेला एक नवा दगड सध्या टबात आहे, त्यातून आतापर्यंत काळ्या नांग्यांचा एक खेकडा निघाला आहे, आणि दगड अजून मुख्य टाकीत गेलेला नाही.